वर्ग एक असला तरी मुलं सारखी नसतात

संपादक महोदय,

चौथीच्या एकाच वर्गात एक पोरगं धडा भराभर वाचतं, दुसरं अजून जोडाक्षरापाशी अडकलेलं असतं आणि तिसरं आईबापासोबत ऊसतोडीला गेल्यामुळे दिवाळीनंतर कितीतरी महिने शाळेतच नसतं, तरी तिघांपुढे पुस्तकाचं पान तेच, हे कसं चालेल? मेळघाटात घरी कोरकू बोलणारं मूल पहिलीत येऊन एकदम मराठी पुस्तक उघडतं, त्याला आधी त्याच्या भाषेत समजावून सांगायला नको का?

उपाय काही नवा नाही. 'प्रथम' संस्थेने हे कधीच करून दाखवलंय, इयत्ता बाजूला ठेवायची, मूल अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट वाचतं ते बघायचं आणि रोज थोडा वेळ त्याप्रमाणे गट करून शिकवायचं. फक्त गट कायमचे नकोत, नाहीतर 'ढ'चा शिक्का बसतो आणि तो पुसता पुसत नाही, म्हणून मुलांना परत परत तपासून पुढच्या गटात घ्यायलाच हवं.

पण गुरुजींनी करायचं कधी? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक, त्यात चार-पाच इयत्ता, वर ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीची कामं. त्यांना दोष देऊ नका, वेळ द्या. निदान ऊसतोडीवरून परतणाऱ्या मुलांसाठी तरी शिक्षण विभागाने यंदा एप्रिलपासून वेगळे गट आणि जादा शिक्षक द्यावा.

- एक पालक, बीड जिल्हा