मेगापिक्सेल मोजण्याआधी अपडेटची मुदत बघा

संपादक महोदय,

नव्या आयफोनच्या घोषणेचे दिवस जवळ आले, की ‘आयफोन घ्यावा की अँड्रॉइड’ हा वाद दरवर्षी रंगतो आणि तुलनेचे तक्ते छापून येतात: कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, पडदा किती इंची, चार्जिंग किती वॉटचे. फोन पाच वर्षे वापरायचा असेल तर या तक्त्यांतून फारसे काही हाती लागत नाही. घरच्या वापराला दोन्हीकडचे कॅमेरे आता पुरून उरतात. अडते ते भलतीकडेच, आणि ते तक्त्यात नसते.

आधी अपडेट. गूगलने ऑक्टोबर २०२३ मधल्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मधल्या गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचे अपडेट जाहीर केले. ही सात वर्षे मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, आपल्या बिलाच्या तारखेपासून नव्हे. दोन वर्षांनी सवलतीत घेतलेल्या एस२४ ला पाचच वर्षे उरतात. ॲपल असा आकडा जाहिरातीत मिरवत नाही, पण २०१८ च्या आयफोन एक्सआरला आयओएस (आयफोनची कार्यप्रणाली) १८ मिळाले आणि २०१९ च्या आयफोन ११ ला आयओएस २६. म्हणजे वरच्या किमतीत दोघांत फारसा फरक उरलेला नाही. खरी तफावत अँड्रॉइडच्या घरातच आहे. गॅलेक्सी ए१६ सारख्या स्वस्त फोनलाही सहा वर्षांचे आश्वासन आहे आणि त्याच किमतीतले कित्येक फोन दोन-तीन वर्षांत थांबतात. दुकानात फोन हातात घेतल्यावर सेटिंग्ज, ‘अबाउट फोन’, अँड्रॉइड व्हर्जन असे जाऊन सिक्युरिटी पॅचची (सुरक्षेच्या शेवटच्या अपडेटची) तारीख बघावी. काउंटरवरचा फोन इंटरनेटला जोडलेला असूनही पॅच सहा महिने जुना असेल, तर पुढे काय वाढून ठेवले आहे ते कळते. शिवाय अपडेट मिळाले म्हणजे सगळ्या सुविधा मिळाल्या असेही नाही. ॲपल इंटेलिजन्स ही ॲपलची एआय सुविधा आयफोन १५ प्रोवर चालते; त्याच दिवशी जाहीर झालेल्या साध्या आयफोन १५ वर नाही.

सर्वाधिक मनस्ताप होतो तो बाजू बदलताना, आणि तोही व्हॉट्सॲपमुळे. गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोन वाचत नाही आणि ॲपलच्या आयक्लाउडवरचा अँड्रॉइड वाचत नाही. अँड्रॉइडवरून आयफोनकडे जाताना जुन्या फोनवर ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप टाकावे, दोन्ही फोन चार्जरला लावून एकाच वाय-फायवर ठेवावेत आणि नव्या आयफोनचा पहिला सेटअप चालू असतानाच ‘अँड्रॉइडवरून डेटा आणा’ हा पर्याय निवडावा. आयफोनवर येणारा कोड अँड्रॉइडवर घालायचा, यादीत व्हॉट्सॲपवर टिचकी मारायची आणि ते चॅट तयार करेपर्यंत थांबायचे. मग आयफोनवर त्याच नंबरने व्हॉट्सॲप उघडायचे. चूक होते ती घाईत. दुकानदार सेटअप उरकून फोन हातात देतो, घरी आल्यावर चॅटची आठवण होते, आणि तोवर वेळ गेलेली असते. मग आयफोन पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. उलट दिशेने जाताना केबल लागते आणि नवा फोन अँड्रॉइड १२ किंवा त्यापुढचा हवा. अमेरिकेतल्या नातेवाइकांशी आयमेसेजवर (ॲपलच्या संदेशसेवेवर) बोलणे असेल, तर सिम काढण्यापूर्वी आयफोनच्या सेटिंग्जमध्ये आयमेसेज बंद करावे. नाहीतर त्यांचे संदेश जुन्या फोनकडेच जात राहतात.

यूपीआयची नोंदणी नव्या फोनवर नव्याने करावी लागते, कारण ती सिमवरून गेलेल्या एसएमएसने त्या फोनशी बांधलेली असते. अँड्रॉइडवर परवानगी दिली की ॲप हा एसएमएस आपणहून पाठवते. आयफोनवर मेसेजची खिडकी उघडते आणि ‘सेंड’ आपल्यालाच दाबावे लागते. मजकुरातले एक अक्षर खोडले, दोनपैकी चुकीच्या सिमवरून मेसेज गेला किंवा रिचार्जमध्ये एसएमएस नसले, की नोंदणी फसते आणि खापर बँकेवर फुटते. नोंदणीनंतरही पहिले २४ तास मर्यादा साधारण ५,००० रुपयांचीच असते. आयफोनवर बऱ्याच बँका ही मुदत ७२ तास ठेवतात. घरभाडे किंवा फी भरायच्या आदल्या दिवशी फोन बदलू नये. सिमचे ई-सिमही (कार्डाऐवजी फोनमध्येच असलेले सिम) त्याच दिवशी करू नये. सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात, त्यामुळे यूपीआयचे घोडे तिथेच अडते. अमेरिकेतून कुणी आयफोन आणून देणार असेल तर हे आधीच ध्यानात घ्यावे, कारण आयफोन १४ पासून तिकडच्या फोनना सिमचा ट्रेच नसतो.

दुरुस्तीबद्दल तुलनेच्या लेखांत चकार शब्द नसतो. आयफोनला बाहेरची बॅटरी टाकली की सेटिंग्जमध्ये ‘अननोन पार्ट’ असा शेरा येतो. कॉपी डिस्प्ले टाकला की ट्रू टोन (भोवतालच्या उजेडाप्रमाणे पडद्याचे रंग जुळवणारी सोय) नीट चालेलच असे नाही. फोन चालत राहतो, पण विकायला काढल्यावर गिऱ्हाईक पहिल्यांदा तोच शेरा बघते. अँड्रॉइडवर असा शेरा सहसा येत नाही, म्हणून सगळे सोपे वाटते. तिथला घोळ निराळा आहे. पडद्याखालचा ऑप्टिकल फिंगरप्रिंट सेन्सर पडद्याच्याच उजेडात बोट वाचतो. ओएलईडी पडद्यातून हा उजेड आरपार परत येतो. स्वस्त कॉपी बहुधा एलसीडी असते, तिच्या मागे बॅकलाइटचा थर असतो आणि सेन्सर आंधळा होतो. दुरुस्तीनंतर ‘फिंगरप्रिंट बिघडला’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या फोनमध्ये बऱ्याचदा हेच निघते. डिस्प्लेचा भाव निम्म्यावर सांगितला गेला तर ‘ओएलईडी आहे की एलसीडी’ एवढे विचारावे.

बॅटरीचे आयुष्य मिलीअँपिअर-अवरच्या (एमएएच) आकड्यावरून कळत नाही. ८० टक्के क्षमता टिकण्यासाठी ॲपल आयफोन १४ पर्यंत ५०० सायकल (पूर्ण चार्जिंगच्या फेऱ्या) सांगते, आयफोन १५ पासून १,०००. अँड्रॉइड फोनसाठी एक आडवाट आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या फोनवर ऊर्जा लेबल सक्तीचे आहे आणि त्यावर बॅटरीच्या सायकल व पडझडीला फोन किती टिकतो याची श्रेणी छापलेली असते. ही लेबले इंटरनेटवर कुणालाही बघता येतात. आपल्याकडे विकला जाणारा फोन तंतोतंत तोच आहे ना, एवढे मॉडेल क्रमांकावरून पडताळावे.

मराठीचे म्हणाल तर आयफोनची सगळी मांडणी मराठीत करण्याची सोय आयओएस १८.४ मध्ये, म्हणजे २०२५ च्या वसंतात आली. अँड्रॉइडवर ती कित्येक वर्षे आहे. दुकानातच ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’ आणि ‘ॲप’ हे तीन शब्द टाइप करून बघावेत, कीबोर्डचा कस लागतो. सरकारी भरतीचे किंवा शिष्यवृत्तीचे अर्ज फोनवरून भरणाऱ्यांनी आयफोनच्या कॅमेरा सेटिंग्जमध्ये ‘फॉरमॅट्स’खाली ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडून ठेवावे. नाहीतर फोटो जेपीजीऐवजी एचईआयसी या फॉरमॅटमध्ये निघतो आणि पोर्टल तो नाकारते.

किमतीचे गणित सोपे आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये आयफोन १५ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोन १६ घोषणेनंतर ७९,९०० वरून ६९,९०० वर आले. घोषणेच्या आदल्या आठवड्यात पूर्ण किमतीला जुने मॉडेल घेण्यात काही हशील नाही. जुना फोन एक्स्चेंजमध्ये देण्याआधी व्हॉट्सॲप आणि यूपीआय नव्या फोनवर चालू झाल्याची खात्री करावी, मगच आयफोनवरून ॲपल अकाउंट किंवा अँड्रॉइडवरून गूगल अकाउंट काढून फोन रीसेट करावा. अकाउंट तसेच राहिले तर पुढच्या माणसाला फोन उघडता येत नाही आणि एक्स्चेंजचा सौदा फिसकटतो. सेकंडहँड घेणाऱ्याने *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) बघावा, ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरे, जागा आणि तो क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवावा आणि फोन चोरीचा तर नाही ना, याचे उत्तर येईपर्यंत पैसे हातातच ठेवावेत.

— मोबाइल दुरुस्ती व्यावसायिक, नाशिक