दिवाणखान्यातला दिवा

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

बाबा, नवा दिवा खोक्यातून बाहेर निघालाय आणि रविवारी तुम्ही स्टुलावर चढून तो बसवणार आहात, असं आई फोनवर म्हणाली. कृपा करून चढू नका. पुढच्या आठवड्यात मी येतेय, वायरमनची वेळही ठरवते.

गेल्या खेपेला मी जुना होल्डर उघडला होता, आठवतं? बटण बंद होतं, तरी टेस्टर पेटला. तुम्हाला वाटलं, टेस्टर बिघडलाय. तसं नव्हतं. आपल्याकडे त्या बटणातून फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, न नेता न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर नेलीय. बटण बंद केलं की दिवा विझतो, पण वरच्या वायरीत करंट असतोच. नवा एलईडी तसाच जोडला तर बटण बंद असतानाही मिणमिणत राहू शकतो. तेही एक वेळ चालेल, पण वर हात घालणाऱ्याला शॉक बसला तर?

त्याहून जास्त काळजी मला वायरीच्या आवरणाची वाटते. कित्येक वर्षं तिथे शंभर वॅटचा बल्ब तापत होता. त्या धगीने रबर पार कडक झालंय. मी वायर जराशी वाकवली तर काळे टवके माझ्या तळहातावर पडले आणि आतलं तांबं उघडं पडलं. खाली तुम्ही स्टूल धरून उभे होतात. तेव्हा बोलले नाही, पण पोटात गोळा आला होता. ही वायर चांगला भाग लागेपर्यंत कापावी लागेल. लांबी पुरली नाही तर बटणापर्यंत नवीनच ओढायची.

नव्या दिव्याची तबकडी धातूची आहे, म्हणून तिला अर्थिंगची हिरवी-पिवळी वायर आहे. आपल्या छतात अर्थिंगच नाही. ती वायर कापू नका, न्यूट्रलला तर मुळीच जोडू नका. अर्थिंग आणता येईल का ते वायरमनला विचारू. नाहीच जमलं, तर चौकोनात चौकोन असं चिन्ह असलेला दिवा घ्यावा लागेल, त्याला अर्थिंग लागत नाही. आई, हा दिवा तू हौसेने निवडलास, म्हणून आधी अर्थिंगचंच बघू.

तोवर टेबललॅम्पवर भागवा. काम चालू असताना मेन स्विच बंद ठेवायचा, घरात अंधार होईल, म्हणून सकाळचीच वेळ घेते.

तुमची लेक