गोळीमुळे कान वाजतो का, एवढंच विचारायचं होतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इचलकरंजीत 31 वर्षं मी यंत्रमाग चालवला. मागच्या वर्षी मंडळी, म्हणजे माझी बायको, गेली. त्यानंतर झोप उडाली, घास गिळवेना, सकाळी चूळ भरायलासुद्धा उठावंसं वाटेना. थोरल्या मुलीनं हाताला धरून सांगलीला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. एस्सिटॅलोप्रॅम या नैराश्यावरच्या औषधाची 10 मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली. महिन्याभरात मी माणसात आलो. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणी आपली गोळी फेकून देऊ नये.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री दिवा मालवला आणि किर्रर्र सुरू झालं. वाटलं रातकिडा. उठून मोरीत पाणी ओतलं, खिडकी लावली, तुळशीची कुंडी हलवून पाहिली. आवाज माझ्याबरोबर या खोलीतून त्या खोलीत येत होता. तो उजव्या कानात होता.

आता हा गोळीमुळे का, हे कुणाला विचारायचं? मेडिकलमध्ये दर वेळी पट्टी हातात मिळते, खोक्यातला कागद मिळत नाही. मागितला तर उत्तर आलं, ‘काका, तो डॉक्टरांसाठी असतो.’ शेजारच्यांनी गॅस झालाय म्हणून सांगितलं. एकानं तोंडावर विचारलं, ‘वेड्याच्या गोळ्या कशाला खाता?’ त्या रात्रीपासून मी गोळी बंद केली. डॉक्टरांनाही कळवलं नाही. ही चूक माझी.

तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखा झटका यायचा. गरगरायचं, विनाकारण रडू यायचं. आणि कानातला आवाज वाढला. मुलीनं डॉक्टरांना फोन लावला. ते रागावले नाहीत. म्हणाले, कान वाजणं हा या गोळीचा नोंदलेला दुष्परिणाम आहे, पण क्वचित आढळणारा. युरोपातल्या माहितीपत्रकात त्याचं प्रमाण हजारात किमान एक, पण शंभरात एकापेक्षा कमी असं दिलंय. आणि गोळी एकदम तोडली तरी झटके येतात, कान वाजू शकतो. म्हणजे ज्याला भिऊन गोळी सोडली, तेच सोडल्यामुळे वाढलं असावं. गोळी परत सुरू केली, झटके थांबले. आवाज कमी झाला, गेला मात्र नाही.

मग त्यांनी कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथं आधी मळ काढला, मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी, केली. आलेखाची रेघ 4000 हर्ट्झला, म्हणजे बारीक आवाजांच्या जागी, खड्ड्यात गेल्यासारखी खाली उतरलेली. सततच्या गोंगाटानं कान बिघडला की बहुधा अशी रेघ येते. डॉक्टरांनी कागदावरून नजर न काढता विचारलं, ‘माग चालवत होता का?’ मी अजून काहीच सांगितलं नव्हतं! कारखान्यात आवाजाला आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या शेडमध्ये शेजारच्या मागावरच्या माणसाशी आम्ही हातवारे करून आणि ओठ बघून बोलायचो. कानात घालायला कुणी काही दिलं नाही, आम्हीही मागितलं नाही.

म्हणजे गोळी की माग? दोघाही डॉक्टरांनी खात्रीनं सांगता येत नाही असं स्पष्ट सांगितलं, आणि त्याचंच मला बरं वाटलं. मला स्वतःला आणखी एक वाटतं. बायको असताना घरात पहाटेपासून रेडिओ, भांडी, कुकरची शिट्टी. ती गेली, घर गप्प झालं, आणि कानात कदाचित आधीपासून असलेलं मला ऐकू यायला लागलं.

गोळी आता डॉक्टरांच्या सल्ल्यानं चालू आहे. सहा आठवड्यांनी परत बघायचं, नाहीतर दुसरं औषध. रात्री टेबल फॅन लावून झोपतो, त्याच्या आवाजात किर्र बुडते.

माझं मागणं मोठं नाही. ज्या गोळीला महिनोन्महिने घ्यायचं असतं, तिच्याबरोबर मराठीत एक चिठ्ठी द्या. काय होऊ शकतं, झालं तर कुणाला फोन करायचा आणि एकदम का बंद करायची नाही, एवढंच त्यावर असावं. दुकानदाराला तेवढा वेळ नसेल तर डॉक्टरांनी केसपेपरच्या मागं लिहावं. मला हे पहिल्याच दिवशी कळलं असतं तर ते पाच दिवस टळले असते.

आणखी एक गोष्ट मुलीनं शोधून काढली. औषधाच्या त्रासाची नोंद रुग्णालाही करता येते. त्यासाठी 2010 साली सुरू झालेला औषधदक्षता कार्यक्रम आता गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे आहे. 1800-180-3024 हा त्यांचा मोफत क्रमांक, फॉर्म मराठीतही मिळतो. त्रास गोळीमुळेच झाला हे सिद्ध करावं लागत नाही, शंका पुरते. मी माझा फॉर्म भरला आणि त्यात मागाची 31 वर्षंही लिहिली. क्रमांक कृपया ठळक छापावा. नाव मात्र छापू नये, धाकटीचं स्थळ बघणं चालू आहे.

आपला,
एक वाचक, इचलकरंजी