बाळाच्या तक्त्यात एकच आकडा कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही माणसाच्या वाढीचा जन्मापासून म्हातारपणापर्यंतचा रंगीत तक्ता छापलात, दिसायला छान होता, पण त्यात बसणं ६ महिने, रांगणं ८, चालणं १२ असे एकेकच आकडे टाकलेत आणि सोमवारी सकाळीच शेजारची सून १४ महिन्यांच्या पोरीला कडेवर घेऊन माझ्या दारात, डोळे भरलेले, हातात तुमचा पेपर. सासूबाईंनी म्हणे १२ भोवती पेनाने गोल करून ठेवलाय. पोरगी मात्र माझ्या घरात पलंगाची कड धरून मस्त फिरत होती.

मी तीसेक वर्षं अंगणवाडी सेविका होते, गेल्या वर्षी ६५ पूर्ण झाले म्हणून सुटले, त्यामुळे थोडं बोलते. जागतिक आरोग्य संघटनेने भारत धरून पाच देशांतली ८१६ मुलं वेळोवेळी बघून २००६ साली जे छापलं त्यात आधाराशिवाय चालणं साधारण ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत कधीही, आणि बसणं पावणेचार ते सव्वानऊ. शंभरातली चारेक मुलं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली! आता एवढ्या मोठ्या पट्ट्यातून एकच आकडा उचलून छापला की आई रडणारच ना.

आणि मग लोक वॉकर आणतात. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा, त्यात पोर स्वतः उभं राहून ढकलतं, पण हा मध्ये बसवायचा चाकाचा वॉकर कॅनडाने २००४ मध्ये विकायलाच बंदी केली, पोरं जिन्यावरून पडायची म्हणून. लवकर चालायला मदत होते हा पण गैरसमजच.

वजनाचंही तेच. आमच्याकडे मुलींचे गुलाबी नि मुलांचे निळे तक्ते असायचे, दर महिन्याला काट्यावर वजन करून ठिपका टाकायचा आणि ठिपके जोडायचे. नवीन सेविका ठिपका तक्त्यावरच्या कुठल्या रंगाच्या पट्ट्यात पडला तेवढंच बघतात. मी त्या नव्या सेविकांना सांगायचे, रेघ बघा. एक किडकिडीत पोर कायम खालच्या अंगाला, पण रेघ वर चढतेय, त्याची मला कधी काळजी वाटली नाही. दुसरं गुटगुटीत, हिरव्यात म्हणजे वजन ठीक असलेल्या पट्ट्यात, पण तीन महिने रेघ आडवी, त्याच्या घरी मी दोनदा गेले. सतत जुलाब चालू होते, घरातल्यांना वाटायचं दात येतायत.

याचा अर्थ बसून राहा असा नाही बरं का. १८ महिने झाले तरी चालत नसेल, किंवा येत असलेली गोष्ट मुलाची गेली, बोलत होतं ते बंद झालं, तर ताबडतोब डॉक्टरला दाखवा. २०१३ मध्ये आपल्या पालघरातूनच सुरू झालेल्या सरकारच्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी फुकट होते. हे तक्त्याखाली एका ओळीत टाकलं असतं तर चाललं असतं की.

वयात येण्याचं पण तसंच, मुलींचं ८ ते १३ मध्ये कधीही सुरू होतं, मुलांचं ९ ते १४.

सगळ्यात राग आला तो शेवटच्या खान्याचा. साठीनंतर एकच खाना, त्यात काठी टेकणारा आजोबा आणि खाली बाण. अहो, २०२१ ला अंगणवाडीच्या नोंदी ठेवायचं पोषण ट्रॅकर ॲप आलं तेव्हा मी ६१ ची होते, ते ॲप मोबाईलवर शिकायला मला तरुण सेविकांपेक्षा दुप्पट वेळ लागला हे खरंय, कामाचा वेग वयाने कमी होतोच. पण शब्दांचा साठा, माणसांची पारख हे साठीतही टिकतं, कित्येकांचं वाढतं. शिवाय दोन पोरं एक वर्षाची घ्या आणि दोन माणसं सत्तरीची घ्या, जास्त फरक त्या म्हाताऱ्यांमध्ये सापडेल, एक द्राक्षाच्या बागेत फवारणी करतोय आणि दुसरा अंथरुणाला खिळलेला. त्यांना एका खान्यात कसं कोंबलंत?

तर तक्ता पुन्हा छापा, "पासून-पर्यंत" लिहून. आणि अक्षर जरा मोठं घ्या. पंचेचाळिशीच्या आसपास जवळचं बारीक दिसेनासं होतं, तो आकडा मात्र जवळपास सगळ्यांना लागू पडतो.

– एक निवृत्त अंगणवाडी सेविका, ता. निफाड, जि. नाशिक