बाय, रायफल घेण्याआधी हे वाच

प्रिय बाय,

परवा फोनवर तू एका दमात सांगून टाकलंस की रेंजवरचे सीनियर म्हणतात सरळ पॉइंट टू टू घे, एअर रायफल म्हणजे पोरांचं काम, आणि मी नुसतं बरं बरं म्हटलं कारण कुकरची शिट्टी होत होती आणि बाबा शेजारी उभे होते. पण रात्री झोप लागली नाही, म्हणून हे सगळं नीट लिहून पाठवतेय. शेवटपर्यंत वाच, अर्धं वाचून रिप्लाय देऊ नकोस.

आधी एक विचारते, तो सीनियर कुठली पॉइंट टू टू म्हणाला? कारण त्या नावाच्या दोन वेगळ्याच वस्तू आहेत. एक एअरगनची, 5.5 मिलिमीटरचा छर्रा, हवेवर उडतो. दुसरी खरी काडतुसाची, .22 लाँग रायफल, बंदुकीच्या दारूवर चालते, काडतुसाच्या बुडाच्या कडेत पेटणारा मसाला असतो आणि पिन त्या कडेवर आपटते म्हणून तिला रिमफायर म्हणतात. दुकानदार आणि पोरं दोन्हीला पॉइंट टू टूच म्हणतात. तुझ्या मामाच्या बाबतीत हेच झालं होतं, तुला आठवत नसेल, तू दुसरीत होतीस. त्याला स्पर्धेत उतरायचं होतं, मी सोबत गेले होते, दुकानात सांगितलं की स्पर्धेत .22 च चालते, वर टेलिस्कोप फुकट देतो, आणि आम्ही ती 5.5 ची, नळी खाली वाकवून भरायची गन घेऊन आलो. रेंजवर गेल्यावर कळलं की 10 मीटरला 4.5 मिलिमीटर म्हणजे .177 च लागते आणि टेलिस्कोप तर चालतच नाही. ती गन अजून माळ्यावर आहे. पैसे गेले ते गेले, पण मामाचा उत्साह गेला त्याचं मला जास्त वाईट वाटतं, आणि सोबत मी होते म्हणून ते अजून टोचतं.

आता काडतुसाच्या .22 बद्दल. मला ती आवडते, खोटं कशाला बोलू. कॉलेजात एनसीसीत आम्हाला तीच द्यायचे, 25 मीटरवर, झोपून, मोजून पाच राउंड, आणि ते पाच कागदावर किती जवळ पडलेत ते बघायचं. माझे एकदा पाचही रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले होते, तो कागद मी लग्नापर्यंत जपला होता. पण बाय, वर्षभरात असे पाच-पाचचे किती डाव मिळायचे? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यात नेमबाज तयार होत नाही गं. आणि स्वतःची घ्यायची तर परवाना, पोलिसांची चौकशी, काडतुसांवर मर्यादा, ती मिळवायची धडपड वेगळी. इथे गोव्यात सत्तरी तालुक्यात आजोबांकडे रानडुकरांसाठी शेताची ठासणीची बंदूक होती, परवान्याची, दर निवडणुकीला ती ठाण्यात जमा करा आणि नंतर परत आणा, मी लहानपणी त्यांच्याबरोबर किती फेऱ्या मारल्यात. तुझी परीक्षा, मेस, होस्टेल यात हे सगळं कुठे बसवणार?

.177 च्या एअर रायफलला, 20 जूलच्या आत ताकद असेल तर, परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफली तर त्याच्या निम्म्याहूनही कमी ताकदीच्या असतात, छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा आणि सेकंदाला 170-175 मीटर वेग. तुला वाटेल एवढीच? पण 10 मीटरवर कागदाला भोक पाडायला एवढं पुरतं. त्या टार्गेटचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे, मी कंपासमधली पट्टी घेऊन बघितलं, पेन्सिलचं टोक टेकवलं की तेवढा. त्याला लागायला ताकद नाही, तू हलायची थांबलीस का ते लागतं. अभिनव बिंद्राचं 2008 चं बीजिंग ऑलिंपिकचं गोल्ड याच .177 वर आहे. स्वप्नील कुसाळेचं 2024 चं ब्राँझ 50 मीटरवर .22 चं आहे हे मला माहीत आहे, तेजस्विनी सावंतचं 2010 चं वर्ल्ड टायटलही .22 वरच, दोघंही तुझ्या कोल्हापूरचे म्हणून तुझ्या डोक्यात ते बसलंय. बसू दे. नंतर तिकडे जा, मी स्वतः तुझ्याबरोबर परवान्याच्या रांगेत उभी राहीन.

आता पैशांचं. आपण पन्नास हजार बाजूला काढलेत, ते सगळे रायफलीत घालू नकोस. आठवड्याला पाच दिवस, रोज साठ शॉट धरले (मॅचही साठचीच असते) तर चार आठवड्यांत बाराशे छर्रे, म्हणजे पाचशेचे जवळजवळ अडीच डबे, दर महिन्याला. हा खर्च आधी मांड आणि मग उरेल त्यात रायफल बघ. महागडी रायफल घेऊन महिनाअखेर छर्रे नाहीत म्हणून बसून राहिलीस तर मला नाही चालणार. छर्रे चपट्या तोंडाचेच घे, ते कागद गोल कापतात, टोकदार घेतलेस तर कागद फाटतो आणि गुण कळत नाहीत. दोन-तीन कंपन्यांचे थोडे थोडे घेऊन रायफल टेकवून पाच-पाच मार आणि कुठले जवळ पडतात ते बघ, प्रत्येक नळीची आपली आवड असते.

स्प्रिंगची नको. स्वस्त असते पण चाप ओढल्यावर आतला पिस्टन धावतो, रायफल झटका देते, आणि तुझी चूक कुठली आणि तिची कुठली ते कळत नाही. शिवाय छर्रा न घालता मारली तर बिघडते. पीसीपी घे, म्हणजे जिच्या सिलिंडरमध्ये दाबाची हवा आधीच भरून ठेवायची ती, झटका जवळजवळ नाही, आणि मॅचच्या पीसीपीत बिनछर्र्याचा सराव करायची सोय असते, तो सराव फुकट आहे. आपल्याकडे बनणाऱ्या प्रेसिहोलच्या बघ आधी. वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, आन्श्युट्झ या परदेशी कंपन्यांच्या नव्या आपल्या आवाक्यात नाहीत, जुनी मिळाली तर मात्र सिलिंडरवरची तारीख वाच, मुदत संपलेला सिलिंडर फुकट दिला तरी नको. संध्याकाळी हवा भरून काटा किती ते लिहून ठेव आणि सकाळी परत बघ, उतरला असेल तर सील गेलंय. आणि तिच्यात फक्त हवा, कधीच ऑक्सिजन नाही, कोणी कितीही सोपं आहे म्हणाला तरी, स्फोट होतो.

सगळ्यात महत्त्वाचं, तू डावरी आहेस. बाजारातले बहुतेक दस्ते आणि ग्रिप उजव्या हाताचे, जुन्यात तर विचारूच नको. गालाखालची पट्टी आणि खांद्याची प्लेट हलते का ते बघ, उभी राहून डोळे मिट, रायफल लाव, मग डोळे उघड, पीपच्या, म्हणजे नेम धरायच्या मागच्या चकतीच्या, भोकात टार्गेट आपोआप दिसलं पाहिजे, मान वाकवून शोधावं लागत असेल तर ती तुझी नाही. वजनाची मर्यादा साडेपाच किलो असली म्हणून तेवढी जड घ्यायची गरज नाही, तुझी चण बारीक आहे. घाई नको, दोन महिने रेंजच्याच रायफलींवर मार, कुठली अंगाला बसते ते कळेल.

होस्टेलवर ठेवायची नाही, रेंजच्या लॉकरमध्येच. शिशाचे छर्रे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. घरी आणशील तेव्हा बिल आणि आधार बरोबर असू दे, गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीच्या नाक्यावर बॅग उघडायला लावली तर दाखवता येईल. इकडचा पाऊस तुला माहीत आहे, कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, म्हणून तेलाचं फडकं आणि सिलिका जेलच्या पुड्या मी आधीच आणून ठेवल्यात.

आणि मी टेप घेऊन पडवीपासून गोठ्याच्या भिंतीपर्यंत मोजलं, साडेदहा मीटर भरतं. भिंत चिऱ्याची आहे, तिच्यावरून छर्रा उलटा येईल, म्हणून बाबा पुढे लोखंडी पेटी करून बसवणार आहेत, मागून गुरांचा येण्याजाण्याचा रस्ताही बंद करून घेतोय. चवथीला येशील तोपर्यंत तयार होईल. रायफल पक्की करायच्या आधी डाव्या ग्रिपचं विचारून मला फोन कर, रात्री नऊनंतर, तेव्हा मी मोकळी असते.

तुझी,
आई