बाबांचे कार्ड, आईचे कार्ड

तीर्थस्वरूप आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार.

सरकारचे पाच लाखांचे कार्ड मिळणारच आहे, तर दरवर्षी मेडिक्लेमचा हप्ता कशाला भरायचा, असे बाबांनी फोनवर विचारले होते. उत्तर आधीच सांगते : कार्ड अवश्य काढावे, पण मेडिक्लेम बंद करू नये. कारणे जरा सविस्तर लिहिते.

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २०१८ मध्ये सुरू झाली, तेव्हा ती गरीब कुटुंबांसाठी होती. २९ ऑक्टोबर २०२४ पासून मात्र सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, तिचा लाभ मिळू लागला आणि त्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड देण्यास सुरुवात झाली. त्यामुळे बाबांच्या पेन्शनची आडकाठी येत नाही. त्यांना सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना, असती तर दोहोंपैकी एक निवडावी लागली असती. खाजगी मेडिक्लेमला अशी अट नाही, तो आणि कार्ड दोन्ही ठेवता येतात. बाबांना मधुमेह आहे, अँजिओप्लास्टी झालेली आहे, याचीही अडचण नाही, कारण आधीपासूनचे आजार येथे पहिल्या दिवसापासून धरले जातात.

हे कार्ड आईला मात्र आत्ता मिळणार नाही, कारण वय आधारवरून मोजतात आणि तिची सत्तरी अजून दूर आहे. तिच्यासाठी आपल्या राज्याची महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. पूर्वी तिची मर्यादा दीड लाख होती. आता ती कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपये आहे आणि पांढऱ्या शिधापत्रिकेवरही लाभ मिळतो. शिधापत्रिकेवर आईचे नाव कसे लिहिले आहे, ते आधारशी ताडून पाहा. नावात फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करून घेतलेला बरा. रुग्णालयाच्या दारात ते काम होत नाही. पुढे आईला सत्तर पूर्ण झाली आणि तिनेही वय वंदना कार्ड काढले, तरी पाच लाखांची रक्कम तुम्हा दोघांत मिळून एकच राहील, हेही लक्षात असू द्या.

आता मेडिक्लेमविषयी. कार्ड चालते ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. बाबांच्या रोजच्या गोळ्या, महिन्याची साखरेची तपासणी, डॉक्टरांची फी हा खर्च त्यातून मिळत नाही. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस, एवढाच बाहेरचा खर्च धरला जातो. शिवाय ते फक्त योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात चालते, आणि सामील असणेही विभागवार असते. एखाद्या रुग्णालयात हृदयविकाराचे उपचार योजनेतून होतील, पण हाड मोडले तर तेथेच पूर्ण बिल भरावे लागेल. काही शस्त्रक्रिया तर केवळ सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. सगळा व्यवहार कॅशलेस असल्याने दुसरीकडे बिल भरून नंतर पैसे मागण्याची सोय नाही. अशा वेळी हाताशी मेडिक्लेमच राहतो. आपली पॉलिसी दोघांची मिळून आहे. ती बंद केली तर आईचेही संरक्षण जाईल, आणि पुढे नवी घ्यायची म्हटले तर असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. सप्टेंबर २०२५ पासून हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला आहे. (बाबा, हप्ता जड वाटत असेल तर तो मी भरेन, यावर वाद नको.)

दाखल होण्याची वेळ आलीच, तर आधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाला, गाठावे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात त्याचे टेबल असते. "हे रुग्णालय योजनेत आहे का?" एवढेच विचारू नका, "या आजाराचे उपचार येथे योजनेतून होतात का?" असे विचारा, आणि मंजुरी येईपर्यंत अनामत रक्कम भरू नका. कोणी अडून बसले तर १४५५५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

कार्ड काढायला फक्त आधार लागते. बाबांच्या आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक मात्र तोच जुना, बंद पडलेला असावा, म्हणजे ओटीपी येणार नाही. बोटांचे ठसे झिजल्यामुळे ते उमटले नाहीत, तर चेहऱ्यावरून ओळख पटवण्याचीही सोय आहे. केंद्रावर तसे स्पष्ट सांगा. तरी आधी आधार केंद्रात जाऊन क्रमांक बदलून घ्या, आणि तेथे गेलाच आहात तर जन्मतारीखही पाहून घ्या : शाळेच्या दाखल्यावर बाबांची १ जून आहे, आधारवर काय छापले आहे ते मला कळवा.

तुमची मुलगी