न्यूजस्टँड प्रत म्हणून डायरेक्ट एडिशन पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
विक्री व ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ अंक २५२ च्या कॅनेडियन न्यूजस्टँड प्रतीऐवजी साधी डायरेक्ट एडिशन पाठवल्याबाबत आणि परतावा नाकारल्याबाबत.

महोदय,

आपल्या ग्राहक सेवेशी माझे आज चौथ्यांदा बोलणे झाले. फोन ठेवल्यावर लगेच हे पत्र लिहायला बसले आहे, कारण माझी तक्रार ‘निकाली काढण्यात आली आहे’ असे मला सांगण्यात आले आणि ती कोणी, कोणत्या आधारावर निकाली काढली हे सांगायला मात्र कोणीही तयार नव्हते.

मी आपल्याकडून मार्व्हल या प्रकाशनसंस्थेच्या ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ या कॉमिक्स मालिकेचा मे १९८४ चा २५२ वा अंक मागवला होता. आपल्या विक्रीच्या पानावर त्याचे वर्णन ‘कॅनेडियन किमतीची न्यूजस्टँड प्रत, ७५ सेंट’ असे स्वच्छ लिहिलेले होते. छायाचित्रातही वरच्या कोपऱ्यात ७५ सेंट ही एकच किंमत आणि खालच्या चौकटीत बारकोड स्पष्ट दिसत होता. हातात पडलेल्या प्रतीवर त्या चौकटीत बारकोड नाही, स्पायडर-मॅनचा चेहरा आहे. किंमत ६० सेंट आहे आणि तिच्याजवळ बारीक अक्षरांत कॅनडातली किंमत दिलेली आहे. म्हणजे ही डायरेक्ट एडिशन, कॉमिक्सच्या खास दुकानांसाठी छापलेली प्रत, आहे. या व्यवसायात असलेल्या माणसाला मुखपृष्ठाकडे एकदा पाहिले तरी हे कळते. आपण या दोन प्रतींच्या किमती वेगवेगळ्या लावता, त्याअर्थी आपल्यालाही ते कळते, असे मी धरून चालते.

तरीही गेल्या चार संभाषणांत मला ज्या गोष्टी पुन्हापुन्हा समजावून सांगाव्या लागल्या, त्या येथे लेखी नोंदवून ठेवते, म्हणजे पाचव्या वेळी पुन्हा मुळापासून सुरुवात करावी लागणार नाही. त्या काळात एकच अंक दोन वाटांनी वाचकापर्यंत जात असे. एक वाट वृत्तपत्रांचे स्टॉल, औषधांची आणि किराणा मालाची दुकाने यांची होती, तिची प्रत ती न्यूजस्टँड प्रत. तेथे न विकलेल्या प्रतींचे पैसे परत मिळत आणि त्या प्रती नष्ट केल्या जात. दुसरी वाट कॉमिक्सच्या खास दुकानांची होती, तिची प्रत ती डायरेक्ट एडिशन. ही दुकाने सवलतीत माल घेत, पण तो परत करू शकत नसत. खास दुकानांतला माल स्टॉलवाल्यांच्या परतीच्या ढिगात मिसळून कोणी फुकटचे पैसे उकळू नयेत, म्हणून दोन्ही प्रतींच्या मुखपृष्ठांवर वेगळी खूण ठेवणे भाग होते. मार्व्हलने १९८० च्या दशकात बारकोडच्या जागी स्पायडर-मॅनचा चेहरा छापला तो यासाठी. ती नुसती सजावट नाही. ती प्रत कोणत्या वाटेने आली, हे सांगणारी ती निशाणी आहे.

आता कॅनडाविषयी. मुखपृष्ठावरील ऑक्टोबर १९८२ ते ऑगस्ट १९८६ या तारखांच्या दरम्यान मार्व्हलने कॅनडातल्या स्टॉलसाठी वेगळ्या किमतीच्या प्रती छापल्या, कारण कॅनडाचा डॉलर अमेरिकी डॉलरच्या तुलनेत घसरला होता. या प्रती पुनर्मुद्रण नव्हेत. त्या अमेरिकी प्रतींबरोबर, त्याच छपाईत निघाल्या, फक्त किमतीपुरता बदल करण्यात आला. (आपल्या दुसऱ्या प्रतिनिधीने त्यांना ‘नंतरची आवृत्ती’ म्हटले होते. ते साफ चूक आहे आणि ती चूक मी त्याच दिवशी दाखवून दिली होती.) खास दुकानांसाठी मात्र दोन्ही देशांत एकच डायरेक्ट एडिशन जात असे, म्हणून तिच्यावर दोन्ही देशांच्या किमती छापाव्या लागत. मला आलेल्या प्रतीवर ७५ हा आकडा आहे तो एवढ्याच कारणाने. माझी सगळी तक्रार या एका आकड्यापाशी अडवून धरण्यात आली आहे, म्हणून हे कारण आपण कृपया दोनदा वाचावे.

आजचे संभाषण मी शक्य तितके जसेच्या तसे देत आहे, कारण बोलता बोलता मी टिपणे घेत होते.

प्रतिनिधी म्हणाले, “मॅडम, तुम्हाला ७५ सेंटची प्रत हवी होती ना? तुम्हीच पाठवलेल्या फोटोत ७५ दिसतंय.”

मी म्हणाले, दिसते आहे, पण ते ६० च्या सोबत, बारीक अक्षरांत आहे. मी मागवलेल्या प्रतीवर ७५ ही एकमेव किंमत असते.

“पण ७५ आहे ना?”

मी पुन्हा समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि तिसऱ्यांदा विचारले, “म्हणजे ७५ आहे, हे तुम्हाला मान्य आहे?” माझ्या ‘हो’ची त्यांनी संमती म्हणून नोंद केली असावी, असा मला आता दाट संशय आहे. तसे असेल तर ती नोंद खोटी आहे आणि ती काढून टाकावी.

त्यानंतर मला अकरा मिनिटे थांबवून ‘जुन्या अंकांचे तज्ज्ञ’ म्हणून दुसऱ्या गृहस्थांकडे फोन देण्यात आला. तज्ज्ञ हा शब्द ऐकून मला खरोखर हायसे वाटले होते. त्यांनी सुरुवातच केली, “ही डायरेक्ट एडिशन असती तर तिच्यावर तसं छापलेलं असतं. कुठे लिहिलंय ‘डायरेक्ट एडिशन’?”

मी सांगितले की हे शब्द बारकोडच्या कडेला छापायची पद्धत १९९० च्या दशकातली आहे. तेव्हा डायरेक्ट प्रतींवरही बारकोड आला आणि म्हणून ओळखण्यासाठी शब्द लागले. त्या काळातल्या प्रतींवर मुख्य बारकोडशेजारचा छोटा बारकोड पाहतात, तो पाच अंकी असेल तर डायरेक्ट आणि दोन अंकी असेल तर न्यूजस्टँड. १९८४ च्या अंकाला हा नियम लावता येत नाही, कारण या प्रतीवर बारकोडच नाही. मी त्यांना सरळ विचारले, “ही न्यूजस्टँड प्रत आहे असं आपण म्हणता, तर बारकोड कुठे आहे?”

त्यांचे उत्तर असे होते : “बारकोड काही सगळ्याच प्रतींवर नीट उमटत नाही, मॅडम.”

महोदय, मी क्षणभर गप्प झाले. जिथे स्पायडर-मॅनचा पूर्ण चेहरा स्वच्छ काळ्या रेषांत छापलेला आहे, तिथे बारकोड ‘नीट उमटला नाही’ असे मला सांगितले जात होते. हे अज्ञान होते की मला गप्प करण्याची युक्ती होती, हे मला अजूनही ठरवता आलेले नाही. अज्ञान असेल तर त्या जागेवर त्यांना तज्ज्ञ म्हणून बसवणे ही आपली चूक आहे. युक्ती असेल तर ती फसवणूक आहे.

मी आवाज न चढवता म्हटले की त्या चौकटीत चित्र आहे, ते आपण आपल्या पडद्यावर मोठे करून पाहावे. त्यावर ते म्हणाले, “मॅडम, आतली गोष्ट तर तीच आहे. वाचायला काही फरक पडतो का?”

“वाचायला फरक पडत नसेल, तर आपण किमतीत फरक का लावलात?”

थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग उत्तर आले, “तो बाजारभावाचा प्रश्न आहे.” आणि त्याच श्वासात, “संग्राहक लोक अशा बारीकसारीक गोष्टींवरून उगीच त्रास करून घेतात.”

बारीकसारीक गोष्टींचेच पैसे आपण माझ्याकडून घेतलेले आहेत. डायरेक्ट प्रत मला हवी असती तर ती कितीतरी कमी पैशांत मिळाली असती, आणि ती माझ्याकडे आधीपासून आहेही. आपल्या पानावर ‘न्यूजस्टँड’ आणि ‘कॅनेडियन किंमत’ हे दोन शब्द लिहिल्यामुळे जी रक्कम वाढली, ती मी केवळ त्या दोन शब्दांसाठी मोजली. विकताना तो फरक महत्त्वाचा आणि परत घेताना क्षुल्लक, असे चालणार नाही.

हा अंक मला का हवा होता, हेही सांगते. कॅनेडियन किमतीच्या त्या काळात ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’चे २३३ ते २७९ असे ४७ अंक निघाले. ते सगळे न्यूजस्टँड रूपात जमवण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे आणि त्यांतले ४५ माझ्याकडे आहेत. राहिलेले दोन म्हणजे हॉबगॉब्लिन या खलनायकाचा पहिला प्रवेश असलेला २३८ वा आणि काळा पोशाख मालिकेत प्रथम दिसलेला हा २५२ वा. या दोन अंकांवर सगळ्यांची नजर असते, म्हणून ते शेवटी राहतात. स्टॉलवरच्या प्रती फिरत्या जाळीत खुपसलेल्या असत, मुले त्या उभ्याउभ्या चाळत, कोपरे दुमडत, पिनांपाशी पाने ताणली जात. त्यांतून कणा सरळ आणि कोपरे धारदार राहिलेली प्रत सापडणे हे नशिबाचे काम असते. या अंकाच्या मुखपृष्ठावर तर भरपूर काळा रंग आहे आणि काळ्यावर प्रत्येक सुरकुती पांढरी होऊन दिसते. रॉन फ्रेन्झ यांनी १९६२ च्या, स्पायडर-मॅनच्या पहिल्याच मुखपृष्ठाची ठेवण मनात धरून काढलेले हे चित्र मला फार आवडते. आपल्या पानावरील छायाचित्रात ती प्रत मी पाहिली, तेव्हा ती जवळजवळ निर्दोष होती. मी त्या छायाचित्रातली प्रत विकत घेतली आहे, दुसरी कोणतीही नाही.

छायाचित्राबद्दलही आपल्या प्रतिनिधींनी दोन वेगवेगळी उत्तरे दिली. पहिल्या फोनवर ते ‘त्याच प्रतीचे’ असल्याचे सांगण्यात आले, तिसऱ्या फोनवर ‘केवळ नमुन्यादाखल’. हजारोंनी छापलेल्या नव्या अंकाला नमुन्याचे छायाचित्र चालते. ज्या प्रतीची किंमत तिच्या एका चौकटीवर आणि चार कोपऱ्यांवर ठरते, तिला ते चालत नाही. आणि ते केवळ नमुन्याचे असेल, तर नमुन्यावर बारकोड होता आणि प्रतीवर नाही, याचा जाब आपण द्यायचा आहे.

प्रत मागे पुठ्ठा न लावता, नुसत्या पातळ पिशवीत पाठवली होती आणि तिचा वरचा कोपरा वाटेत दुमडला, हेही नोंदवते. त्यावर मी अधिक लिहीत नाही, कारण ती मी ठेवून घेणारच नाही.

मला सर्वांत जास्त दुःख याचे आहे की हे आपल्याकडून घडले. १९९० च्या ‘स्पायडर-मॅन’च्या पहिल्या अंकाची, बारकोड असलेली सोनेरी प्रत मला आपल्याकडेच मिळाली होती. ती वॉलमार्टमधून विकली गेली होती आणि बारकोड नसलेल्या सोनेरी प्रतीपेक्षा पुष्कळ कमी दिसते. तेव्हा पैसे भरण्याआधी आपल्या माणसाने आपणहून बारकोडचे जवळून घेतलेले छायाचित्र पाठवले होते आणि खालच्या कडेला एक बारीक रेघ आहे हेही सांगितले होते. त्या एका निरोपामुळे मी पुढे आपल्याकडे डोळे मिटून खरेदी करत आले आणि ओळखीच्या संग्राहकांनाही आपल्याकडेच पाठवत आले. तो माणूस आता आपल्याकडे आहे की नाही, मला ठाऊक नाही. तो असता तर ‘बारकोड उमटला नाही’ हे वाक्य मला ऐकावे लागले नसते.

मार्व्हलने २०१३ मध्ये आणि डीसी या दुसऱ्या मोठ्या प्रकाशकाने २०१७ मध्ये न्यूजस्टँड प्रती काढणे थांबवले. आता ज्या आहेत तेवढ्याच आहेत, नव्या छापल्या जाणार नाहीत. अशा वेळी विक्रेताच दोन्हींना एक म्हणू लागला, तर पुढच्या खरेदीदाराकडे चुकीच्या नावाच्या प्रती जातील आणि तो त्या त्याच नावाने पुढे विकेल. माझी ही प्रत मी परत केल्यावर आपण ती पुन्हा ‘कॅनेडियन न्यूजस्टँड’ म्हणूनच विकायला ठेवाल, ही भीती मला वाटते आणि ती आपण दूर करावी.

माझ्या मागण्या अशा आहेत. छायाचित्रातली प्रत खरोखर आपल्याकडे असेल तर ती पुठ्ठा व जाड आवरण घालून, विम्यासह मला पाठवावी आणि चुकीची प्रत आपल्या खर्चाने घेऊन जावी. ती नसेल तर पाठवणीच्या खर्चासह पूर्ण रक्कम परत करावी. खरेदीची अर्धवट रक्कम ‘पुढच्या खरेदीसाठी सवलत’ म्हणून देऊ केली होती, ती मला नको. विक्रीच्या पानावरचे वर्णन आजच दुरुस्त करावे. आणि माझी तक्रार निकाली निघाली अशी जी नोंद केली आहे, ती रद्द करून तसे मला लेखी कळवावे.

हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत उत्तर आले नाही, तर ज्या कार्डाने पैसे भरले त्या बँकेकडे मी हा व्यवहार फसवणुकीचा म्हणून नोंदवणार आहे आणि ग्राहक तक्रारींच्या अधिकृत यंत्रणेकडे आपल्या पानाच्या प्रतिमा, मला आलेल्या अंकाची छायाचित्रे आणि चारही संभाषणांची टिपणे सादर करणार आहे. आपल्याकडे ज्यांना मी पाठवले होते, त्या प्रत्येकाला मी स्वतः कळवणार आहे की अंक हातात आल्यावर आधी डाव्या कोपऱ्यातली चौकट पाहा. अंक मी उघडलेला नाही, तो आला तसा त्याच पिशवीत ठेवला आहे. तो नेण्यासाठी आपण माणूस कधी पाठवता, तेवढे कळवावे.

आपली,
एक जुनी ग्राहक

सोबत : विक्रीच्या पानाची प्रतिमा, मिळालेल्या प्रतीच्या मुखपृष्ठाची तीन छायाचित्रे, संभाषणांची टिपणे.